खरजेशी घासाघीस

नारायणगावला जनावरांच्या एका डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. तिथं औषधांच्या कपाटाशेजारी प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून एक कागद लावलेला आहे. ‘गिनीपिगला खाज सुटली असेल तर’ असं त्याच्या डोक्यावर छापलंय आणि खाली पाच छापील ओळी आहेत. त्यातली तिसरी ओळ अशी : ‘पिंजरे दोन ठेवा. एकात जनावर, दुसरा उन्हात. दर दोन दिवसांनी बदला.’

ही तिसरी ओळ माझी आहे. कागदावर माझं नाव नाही.

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, की तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या, तेव्हा पहिल्यांदा हा कागदच डोळ्यांपुढं आला. राग गेलेला नाही, तो जायचा तेव्हा जाईल. पण त्या ओळीमागं दोन मुकी जनावरं आणि डिंगोऱ्याच्या एक बाई आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहायचं तर मला स्वतःविषयीही खरं लिहावं लागेल. तेवढी तयारी करून बसलोय.

माझं जुन्नरला पशुखाद्याचं दुकान आहे. पेंड, भुसा, कोंबड्यांचं खाद्य, दावी, घुंगुरमाळा. मागच्या खोलीत लव्हबर्ड, ससे आणि गिनीपिग. आमचं घराणं मेंढरांमागचं. बाप पावसाळा सरला की माळशेज उतरून कोकणात जायचा आणि उन्हाळ्यात परत वर यायचा. मी सातवीत शाळा सोडली आणि आठवड्याच्या बाजारात जमिनीवर पोतं टाकून घंटा नि दोऱ्या विकायला बसलो. तिथून दुकानापर्यंत आलो तो फक्त जिभेच्या जोरावर. भाव पाडायचा, भाव चढवायचा, उठून जातोय असं दाखवायचं आणि तिसऱ्या हाकेला वळायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. पण गिनीपिग ठेवायला लागलो तेव्हा बाजारातल्या लोकांनी माझं नाव ‘उंदीरवाला’ पाडलं. चुलतभाऊ तर लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना सांगायचा, “ह्ये आमचे उंदीरवाले. बापानं मेंढरं सांबाळली, ह्यानं बिनशेपटीचे उंदीर.”

उंदीर नव्हे ते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ओंजळभर जनावर. शेपूट नाही, कान पाकळीसारखे, अंगावर दाट केस. रात्रंदिवस थोडं थोडं गवत खातं. माणसाला चावत नाही, दुखत असलं तरी बहुधा चावत नाही. कोथिंबिरीची पिशवी नुसती वाजली तरी शिट्टी मारतं. आणि एक गोष्ट त्याच्यात आणि आपल्यात सारखी आहे : लिंबू-आवळ्यात असतं ते सी जीवनसत्त्व त्याचं शरीर स्वतः करत नाही. बाहेरून मिळालं नाही की अंग कोरडं पडतं, केस झडतात, सांधे धरतात. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर, जमलं तर पेरू. आमच्या भागात या तिन्हींचा तोटा नाही.

त्याचं सगळं दुखणं कातडीवर येतं. गिनीपिग घेऊन परत आलेल्या दहा गिऱ्हाइकांतले आठ एकच वाक्य बोलतात : “भाऊ, लई खाजवतंय वो.” पण खाज एका जातीची नसते. केस फुंकरून बघायचे. कानामागं बारीक ठिपके हलले तर उवा. नाकाजवळ, डोळ्यांभोवती गोल टक्कल पडून कोंडा सुटला असेल तर गजकर्ण. ते माणसालाही चिकटतं, म्हणून हात धुवायचे. आणि पाठीवर, खांद्यावर केस गेलेत, कातडी जाड झालीय, हात लावला की जनावर किंचाळतंय, तर खरूज. तिचा किडा डोळ्याला दिसत नाही, तो कातडीत घर करून राहतो. ती खाज एवढी वाईट, की खाजवता खाजवता जनावराला झटके येतात. लोकांना वाटतं मिरगी आली.

या खाजेपायी एकेक वल्ली भेटले. ओझरला देवळाच्या वाटेवर प्रसादाचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी माझ्याकडून एक पांढरा नर नेला. गणपतीचं वाहन म्हणून गल्ल्याजवळ टोपलीत ठेवला. महिन्याभरात टोपलीसकट परत आले. अंगावर कोंडा, कातडी फुटलेली.

“रोज काय करता याला?” मी विचारलं.

“काय करनार? पाटे आंगोळ घालतो. सुवासिक साबनानं.”

“रोज?”

“मंग? देवाचं वाहन पारोसं ठिवू का?”

मी म्हणालो, “राव, त्याच्या अंगचं तेल तुमी धुऊन टाकलं, खाजंल न्हाई तर काय करंल? देवाचं वाहन देवाला सांबाळू द्या, तुमी फक्त गवत घाला.” साबण बंद झाला आणि तो पंधरा दिवसांत सुधारला. गृहस्थ अजून दर चतुर्थीला त्याच्या कपाळाला बोटभर गंध लावतात. त्याला मी हरकत घेतली नाही.

दुसरे शिनोलीचे. भीमाशंकरच्या रस्त्याला त्यांनी शहरातल्या लोकांसाठी राहायची सोय केली होती आणि पोरांना खेळायला सहा गिनीपिग नेले होते. फोनवर म्हणाले, “पावणं, घाबरायचं काम न्हाई, म्या इलाज केलाय.” जाऊन बघतो तर सहाही काळे कुळकुळीत. गाडीचं जळकं ऑइल चोपडलेलं. बैलाला, कुत्र्याला लूत लागली की आमच्याकडं हाच इलाज. पण बैल अंग चाटून साफ करत बसत नाही, हे बसतं. मी त्यांना एवढ्या शिव्या दिल्या, की त्यांच्या तांदळाच्या खाचरात काम करणाऱ्या बाया थांबून ऐकायला लागल्या. कोमट पाण्यानं हळूहळू सगळी धुतली. चार वाचली, दोन नाही.

हे दोन किस्से मी गावोगाव हसून सांगायचो. लोक कसे अडाणी असतात ते सांगायचो. आता माझा सांगतो.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून मी गिनीपिगचा एक लॉट उचलला. जनावरं मलूल होती, एक-दोघींचे मानेमागचे केस विरळ होते. ते मला पहिल्या नजरेत दिसलं, आणि दिसलं म्हणूनच मी भाव पाडला. व्यापारी कुरकुरत तयार झाला. टेम्पोत बसताना माझी छाती फुगली होती. जे स्वस्तात मिळालं त्यात काय काय आलं, ते पुढं कळलं.

त्याच आठवड्यात सुमनबाई दुकानात आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेल्या, सत्तरीच्या आसपास, डिंगोऱ्याला एकट्या राहणाऱ्या. मुलगा-सून लांब नोकरीला. बाईंनी पिंजऱ्यापुढं स्टूल ओढलं आणि अर्धा तास नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, “या किती वर्षं जगतात?”

“नीट ठेवल्या तर पाच-सहा वर्षं.”

“मग माझ्या मापाच्या आहेत. या दोघी द्या.”

त्यांनी दोन माद्या निवडल्या. एक तपकिरी, एक काळी-पांढरी. उचलून दात बघितले, नखं बघितली, पोट चाचपलं. मेंढरं विकत घेणारा माझा बाप बघायचा तसंच. आणि तपकिरीच्या मानेवर बोट ठेवून विचारलं, “इथले केस विरळ का?”

“टेम्पोत घासल्यात,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

भाव सांगितला. मला वाटलं आता मास्तरीणबाई मोडून मागणार, मी बाह्या सावरल्या. तर त्या म्हणाल्या, “भाव तुम्ही म्हणाल तो. माझी एकच अट आहे. मी फोन केला की उचलायचा. चिडचिड करायची नाही, आणि बोलावलं तर यायचं. या दोघी जिवंत असेपर्यंत.”

मी हसून हो म्हणालो. एवढा महागात पडलेला सौदा मी आयुष्यात केला नाही. बाई गेल्यावर बायको आतून म्हणाली, “आज तुमचाच मास्तर भेटला जनू.”

बाईंनी त्यांची नावं राणी आणि सोनी ठेवली. पाच आठवड्यांनी पहिला फोन आला. तपकिरी सोनी खाजवतेय. मी सांगितलं, पेंढ्याची धूळ असेल, पेंढा बदला. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. सोनी मागच्या पायानं मान ओरबाडतेय, मध्येच थांबून थरथरतेय. मी व्हिडिओ दोनदा पाहिला. बघताक्षणीच काय ते कळलं होतं.

बाई माझी वाट बघत बसल्या नाहीत. दोघींना टोपलीत घालून एसटीनं नारायणगावला गेल्या. मॅडमनी कातडी खरवडून काचेखाली बघितली, खरूज निघाली. दोघींचं वजन करून त्या मापानं औषधाचे थेंब कातडीवर सोडले आणि लिहून दिलं : असे तीन डोस, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं, दोघींनाही. खाजत नसली तरी राणीलासुद्धा.

दुसऱ्या डोसाची वेळ आली तेव्हा बाईंनी मला फोन केला. एसटीत सोनी फार घाबरते, तुम्ही इथं येऊन डोस देता का? मी मॅडमना फोन लावला. त्यांच्याशी झालेलं हे माझं पहिलं बोलणं.

“मॅडम, तीन कशाला? आमी शेकड्यानं मेंढरं एका डोसात बरी केलेत.”

“हे मेंढरू नाही.”

“खरूज तर तीच ना? बरं, दोनात भागवा.”

“अहो, तुम्ही भाव करताय का माझ्याशी?”

“तसं न्हाई, पन म्हातारं मानूस, जनावराला ताप...”

“तीन म्हणजे तीन. तो किडा तुमच्याशी घासाघीस करणार नाही.” आणि फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. कालची पोर, मला शिकवते. मी बाईंना फोन केला आणि सांगितलं, “बाई, खाज थांबलीय ना? मंग झालं. ह्ये डाक्टर लोक वाढवून सांगत्यात. नगा त्रास घेऊ.” बाईंनी विचारलं, “तुमची खात्री आहे?” मी म्हणालो, “माजा बाप मेंढरात ग्येला, बाई.”

त्यांनी माझ्या बापावर विश्वास ठेवला.

पुढचे दोन आठवडे फोन आला नाही. मग एका सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा आला. आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. “सोनी पहाटे गेली. तिला झटके आले. आता राणीला खाज सुटलीय. तुम्ही या.”

जुन्नरहून डिंगोऱ्यापर्यंत टेम्पोत मी भांडणाची तयारी करत गेलो. माझा स्वभावच तसा आहे. चूक आपली असली की आवाज चढतो. मनात सगळी वाक्यं तयार केली. पेंढा ओला असेल. गारठा असेल. मॅडमचं औषधच हलकं असेल.

ओसरीवर सोनी एका धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवली होती. मानेवर, पाठीवर केसच नव्हते. राणी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. मी जवळ गेलो तर तिनं शिट्टी मारली नाही.

बाईंनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. ते मला सोसवेना. मीच सुरू झालो. “बाई, औषधात खोट न्हाई. आमच्या मेंढरांना एकच डोस असायचा. माजा बाप कंदी दुसरा डोस देत नव्हता. आनि मेंढरं बरी व्हायची. म्या डोळ्यांनी बगितलंय!”

शेजारची बाई दारात आली. सुमनबाईंनी हातानं तिला थांबवलं आणि मला म्हणाल्या, “बसा. एक विचारू?”

“इचारा.”

“डोस दिल्यावर मेंढरं कुठं असायची?”

“कुटं म्हंजे? वाड्यात.” आमच्याकडं मेंढरं रात्री एखाद्याच्या वावरात जाळी लावून बसवतात, त्याला वाडा म्हणतात. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला होतं.

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दोन-तीन दिसांनी म्होरच्या वावरात. वाडा हालतोच की. एका जागी बसला तर खानार काय?”

“म्हणजे ज्या जागेवर ती खाजवत लोळली, तिथं परत झोपली नाहीत.”

“न्हाई.”

बाईंनी पिंजऱ्याकडं बोट केलं. “आणि या?”

मी वाकून पिंजऱ्यात बघितलं. दोघी दोन महिने त्याच लाकडी पिंजऱ्यात, त्याच फळीवर होत्या. पेंढा बदलला होता, फळी तीच.

त्या सोडतील असं वाटलं. पण शिक्षक पहिल्या उत्तरावर थांबत नाही. “आणखी एक. सगळीच मेंढरं बरी व्हायची? ज्यांना पुन्हा खाज सुटायची त्यांचं काय?”

आता आठवलं. माहीत होतं, पण आजवर कधी जोडलं नव्हतं. बाप त्या मेंढरांची लोकर कातरायचा, अंगाला तेल लावायचा आणि पुढच्या बाजारात काढून टाकायचा. आमच्या वाड्यात बरी झालेलीच उरायची, कारण बरी न झालेली दुसऱ्याच्या वाड्यात गेलेली असायची.

“इकायचो,” मी म्हणालो.

“कुणाला?”

“माज्यासारख्याला,” मी म्हणालो.

सगळ्या आयुष्यात मला भावात कुणी एवढं खाली आणलं नव्हतं, तेही आवाज न चढवता. मग मी त्यांना पुण्याच्या लॉटचं सांगितलं. मानेवरचे केस टेम्पोत घासले नव्हते, हेही. बाई ऐकून म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, माणूस फोन उचलतो म्हणाला, तर निभेल.”

आम्ही सोनीला परसात पुरलं आणि राणीला घेऊन नारायणगावला निघालो.

दवाखाना भरलेला होता. मॅडमनी राणीला टेबलावर घेतलं, पाठीवर बोट टेकताच ती किंचाळली. कागद बघून त्यांनी विचारलं, “बाकीचे दोन डोस?” “न्हाई दिले. म्याच नगा म्हनलो,” मी म्हणालो. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, “दुकानदाराचं ऐकून औषध थांबवलं की हे असं होतं.”

कुत्री, शेळ्या, बोके घेऊन बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. त्यातले चार माझी गिऱ्हाइकं होती. तोंडाशी शिवी आली होती, खोटं कशाला सांगू. सुमनबाईंनी माझी बाही धरली आणि हळूच म्हणाल्या, “राणीचं बघा.”

मॅडम बरोबर होत्या. त्यांच्यावर माझा जो काही राग आहे, त्यातला निम्मा एवढ्यासाठीच आहे.

राणीचं वजन बरंच उतरलं होतं. नव्या वजनानं डोस, आग शमवायचं औषध, ओरबाडून जखमा वाढू नयेत म्हणून नखं कापली, सी जीवनसत्त्वाचे थेंब. मॅडम म्हणाल्या, “वाचेल की नाही, आज सांगत नाही. पुढचे दहा दिवस काढले तर बघू.” बाईंनी त्यांना माझ्या बापाचा हलणारा वाडा सांगितला. मॅडम थांबल्या, विचार केला. “निम्मं बरोबर आहे. अंथरुणातले किडे जागा बदलून सुटतील. अंगावरची अंडी नाही सुटत. ती फुटून किडे बाहेर आले की पुढचा डोस, त्यासाठीच तीन. दोन्ही करा.”

परतीच्या वाटेवर मी टोमॅटोचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट उचलले. नारायणगावात त्यांना काय तोटा. लाकडी पिंजरा त्याच दिवशी परसात जाळला. एका क्रेटमध्ये वर्तमानपत्राचा जाड थर आणि राणी, दुसरा घासून, उकळतं पाणी ओतून अंगणात उन्हात. दोन दिवसांनी अदलाबदल, जुने कागद चुलीत. बाईंनी त्याला नावही दिलं. फोनवर सांगायच्या, “आज वाडा हलवला.”

पहिले तीन दिवस राणी खात नव्हती. गवत ओढून सोडून द्यायची. गिनीपिगनं खाणं सोडलं की ते फार दिवस टिकत नाही. मॅडमनी दिलेली पातळ पेज बाई दर दोन-तीन तासांनी बिनसुईच्या सिरिंजनं तिच्या गालात सोडत बसायच्या. मी एरवी कुणाचं कौतुक सहजासहजी करत नाही, कौतुक केलं की भाव वाढतो. पण सत्तरीची बाई मांडीवर टॉवेल घेऊन, एका हातात ते किंचाळणारं जनावर आणि दुसऱ्या हातात सिरिंज, तोंडानं “एकच घोट, शहाणी माझी, हा शेवटचा” असं बोलतेय आणि शेवटचा घोट काही केल्या येत नाहीय, हे बघितल्यावर मला पाडायला भाव उरला नाही. आणि ते जनावर! अंगाची साल निघालेली, तरी एकदाही चावलं नाही. मेंढराच्या पायातला काटा काढताना मी किती लाथा खाल्ल्यात.

मुलाचा फोन यायचा. त्याचं म्हणणं, आई, ते उंदीर टाकून दे आणि इकडं ये. बाईंच्या मनगटावरही पुरळ आलं होतं. त्या कोपऱ्यात जाऊन बोलायच्या, पण एकदा मी ऐकलं : “अरे, ती बरी होईपर्यंत तरी माझ्यावर कुणीतरी अवलंबून आहे. ते काढून घेऊ नकोस.” मी क्रेट घासत राहिलो.

पाचव्या दिवशी मी दुकानातून निघताना ढोबळी मिरची आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. ओसरीवर पिशवी ठेवली, ती वाजली. क्रेटमधून एक बारीक, चिरकी, अर्धीच शिट्टी आली. बाई आतून हात पुसत धावत आल्या. “ऐकलंत?”

“ऐकलं,” मी म्हणालो. “अर्दीच मारली. बाकीची उदार ठिवलीय.”

त्या दिवशी राणीनं मिरचीचा तुकडा स्वतः खाल्ला.

दुसऱ्या डोसाला आम्ही तिघं टेम्पोतून गेलो. वजन थोडं वाढलं होतं. तिसऱ्या डोसापर्यंत राणीच्या पाठीवर मखमलीसारखी बारीक लव आली. खाज नाही, कोंडा नाही, पिशवी वाजली की पूर्ण शिट्टी. मी सकाळी न्यायला गेलो तर बाई ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या, टोपली बाहेर काढलेली नाही.

“अहो, बरी झालीय की ती,” त्या म्हणाल्या. “एवढ्या लांब कशाला? तिसरा राहू द्या ना.”

क्षणभर मला खरंच वाटलं, बाई दमल्या. आणि जुनं तोंड उघडायला निघालं होतं : चालतंय की. पण त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं. “न्हाई बाई. तीन म्हंजे तीन. यात घासाघीस न्हाई.”

बाईंनी पेपर खाली ठेवला. टोपली दाराच्या आडच तयार होती, आत टॉवेल अंथरलेला. “चला,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

राणी आज चार वर्षांनी तिथंच आहे. बाईही तिथंच आहेत. मुलानं आता ओसरीला जाळी बसवून दिली आहे आणि सुट्टीत आला की क्रेट तोच हलवतो. मी पुण्याच्या त्या व्यापाऱ्याकडून माल घेणं बंद केलं. नवीन जनावर आलं की तीन आठवडे वेगळ्या खोलीत, मग विक्रीला. गिऱ्हाइकाला पिंजरा एक देत नाही, दोन देतो. लोक म्हणतात, दुसरा कशाला? मी सांगतो, वाडा हलवायला. त्यांना कळत नाही, मग सगळं सांगावं लागतं. सोनीचंही.

आणि मग तो कागद. या पावसाळ्यात एका सशाच्या कानाचं दाखवायला दवाखान्यात गेलो तेव्हा पहिल्यांदा दिसला. पाच ओळी वाचल्या आणि रक्त डोक्यात गेलं. माझ्या बापाचा वाडा, माझ्या टेम्पोतले क्रेट, भरल्या दवाखान्यात गेलेली माझी इज्जत. आणि भिंत मॅडमच्या दवाखान्याची.

“तिसरी वळ कुनाची हाय?” मी तिथूनच विचारलं.

मॅडमनी मान वर केली नाही. त्या एका मांजरीला इंजेक्शन देत होत्या. “तुमची. आणि सुमनबाईंची. आणि तुमच्या वडिलांची. कुणाचं नाव घालायचं ते ठरेना, म्हणून घातलं नाही. तुम्ही ठरवा.” त्यांनी कपाटावरचं मार्कर माझ्याकडं सरकवलं.

मी कागद पिशवीतून बाहेर काढला. मार्करचं टोपण उघडलं. माझं नाव लिहायलाच हात गेला होता, त्यासाठीच तर भांडण काढलं होतं. बाकावर एक जोडपं बसलं होतं, मांडीवर चपलेच्या खोक्यात पांढरा गिनीपिग. त्याच्या खांद्यावरचे केस गेलेले. बाप्या बायकोला कुजबुजत होता, “एका डोसात भागतंय का इचार की. परत परत कोन येनार एवढ्या लांब?”

मी ऐकलं. मग पाचव्या ओळीखाली मोठ्या अक्षरात सहावी ओळ लिहिली : ‘तिन्ही डोस द्यावेत. भाव करू नये.’

कागद परत पिशवीत घातला आणि भिंतीला लावला. नाव कुठंच नाही. राग आहे तो आहेच. मग त्या जोडप्याशेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, “पावणं, दाखवा बरं खोकं. आनि घरी पिंजरे किती हायत?”